मागच्या सीटचा गारवा

ठरलेल्या रिक्षावाल्याने ऐन वेळी टांग मारली, आणि मेघा आईला घेऊन पळसदरीच्या फाट्यावर भर उन्हात उभी राहिली. मे महिना. झाडाचं पानसुद्धा हलायला तयार नव्हतं. गुडघ्याजवळचं हाड मोडल्यापासून येसूबाईंचा पाय काठीसारखा ताठ झाला होता. लोकलच्या डब्यात चढणं तर दूरच. आठवड्यातून तीनदा खोपोलीला व्यायामासाठी न्यायचं, नाहीतर गुडघा पुन्हा कधीच वाकणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तेवढ्यात एक पांढरी पिकअप आली, मागेही सीट असलेली. मेघाने हात केला.

"दादा, खोपोलीपर्यंत सोडाल?"

काच खाली आली. सावळा, तरतरीत चेहरा... डोळे आधी मेघावर गेले, जरा थांबले, मग येसूबाईंच्या पायाकडे वळले. तो खाली उतरला आणि आधार देऊन त्याने येसूबाईंना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. मेघा कोपऱ्यात चेपून बसली, आईची टाच मांडीवर घेऊन.

"जय भीम, मावशी. मी जगदीश. कडावचा."

"जय भीम, बाबा," येसूबाई म्हणाल्या, आणि पाचच मिनिटांत पदराने वारा घेऊ लागल्या. एसीच्या जाळ्या सगळ्या पुढे. मागे नुसती भट्टी. पुढच्या सीटवर मात्र पट्टा लावून, गार वारा खात, जरबेराच्या फुलांचे दोन खोके ऐटीत बसले होते.

मेघाने ओढणीने आईचा घाम टिपला. मग तिला राहवलं नाही. "फुलांना एसी, आणि माज्या आयला भट्टी?"

"फुलं कोमेजतात ना..."

"आणि आय?"

आरशात त्याची नजर तिच्या नजरेला भिडली आणि ओशाळून रस्त्यावर गेली. त्याचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते. मेघाला एकदम हसू फुटलं. रागवायचं असताना हसू यावं, याचाच तिला जास्त राग आला.

परतीलाही त्यानेच आणलं. दारात उतरल्यावर येसूबाईंनी जाहीर केलं, "मी नाय येनार परत. पाय आखडला तर आखडू दे. भाजून नाय मरायचं मला." येसूबाई एकदा नाही म्हणाल्या की ती काळ्या दगडावरची रेघ. सकाळ-संध्याकाळ शेताच्या बांधावरून फिरणारी तिची आई... ती आता उंबऱ्याच्या आतच राहणार की काय?

"मावशी, परवा या," जगदीश म्हणाला. "गाडी गार करून आनतो."

परवा तो आला तेव्हा मागच्या काचांना ओली गोणपाटं लटकत होती. तो आधी चार वर्षं नगरकडे गाडी चालवत होता. तिकडे ओल्या गोणपाटातून वारा आला की जीव सुखावतो, हे त्याने अनुभवलं होतं. पण नगरचा वारा कोरडा, आणि कर्जतची हवा आधीच ओलीचिंब! पळसदरी मागे पडते न पडते तोच सगळे घामाने निथळत होते.

"अवो, इडली हाय का आमी? वाफवताय कशाला?" मेघा म्हणाली, आणि येसूबाई चक्क खदाखदा हसल्या.

"अजून एकदा येते," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग माजं नाव घ्यायचं नाय."

दुसऱ्या दिवशी कर्जतला, मेघा कामाला होती त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, जगदीश उभा. "छोटा पंखा पायजे. गाडीत लावायला."

"पंखा गरमच हवा फिरवंल." तिने माळ्यावरून स्वयंपाकघरातल्या चिमणीचा लवचीक पाइप ओढून काढला. "हा घ्या. एक टोक पुढच्या जाळीला, एक मागं."

दुकानामागच्या आंब्याखाली दोघं गाडीत वाकून पाइप बसवू लागली. पाइपावरची पट्टी आवळताना बोटांना बोटं लागली... आणि कुणीच घाई केली नाही.

"घट्ट धरा, दादा."

"दादा म्हनू नको."

"मग काय म्हनू?"

"जगदीश. नायतर... काय पन. पन दादा नको."

मेघाने मान खाली घातली. पट्टी घट्ट झाली होती, तरी ती उगाच आवळत राहिली.

पाइप पास झाला! खोपोली यायच्या आत येसूबाईंनी मानेवर पदर ओढून घेतला. "गार लागतंय गं," त्या म्हणाल्या, आणि मेघाचे डोळे भरून आले. पुढे पाहते तर जगदीशचा शर्ट पाठीला चिकटलेला. मागे जोर यावा म्हणून त्याने बाकीच्या जाळ्या बंद केल्या होत्या. शेजारची सीटही रिकामी होती.

"फुलं कुठं?"

"पहाटंच पोचवली."

"मग ही फेरी?"

त्याने कारण नसताना गियर बदलला. त्या क्षणी मेघाला कळून चुकलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय.

हळूहळू गुडघा वाकू लागला. जून तोंडावर आला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घरीच व्यायाम करा." येसूबाई खूश. परतीच्या वाटेवर मेघाला मात्र सगळं रितं वाटत होतं. उद्यापासून गाडी थांबणार नाही, आरशातले डोळे दिसणार नाहीत... आणि तो आपला रस्त्याकडेच बघत होता.

रेल्वेचं फाटक पडलं. येसूबाईंचे डोळे मिटलेले. जगदीशने आरशात पाहिलं, हळूच जाळीवरून पाइप काढला आणि तोंडाशी धरला. मागचं टोक रोज मेघाच्याच हातात असायचं.

"मेघा," तो कुजबुजला, "मावशीचा पाय बरा झाला, बरं वाटलं. पन तू दिसनार नाय, हे मला जमनार नाय. लगीन करशील माज्याशी?"

पाइपातून भारदस्त आवाज आला, "मेघा नाय रं, तिची आय ऐकतेय. बोल पुढं."

उकडतंय म्हणून येसूबाईंनी ते टोक मघाशीच आपल्या पदराखाली घेतलं होतं. जगदीशच्या हातून पाइप सुटला. शब्द न् शब्द ऐकलेल्या मेघाने ओढणीत तोंड लपवलं.

"लगनाचं असं नळीतून इचारत्यात व्हय?" येसूबाई म्हणाल्या. "घरच्यांना घेऊन ये. आन् तू गं, माजा पाय आता वाकतोय. तुजी मांडी नको मला. जा, पुढं बस."

मेघा उतरली. फाटकाशी थांबलेल्या गाड्यांमध्ये गावातली ओळखीची तोंडं होती, माना वळल्याच. तिने सर्वांदेखत पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने पाइप पुन्हा जाळीला लावला.

"उत्तर नाय दिलंस," जगदीश पुटपुटला.

"इथं लई उकडतंय," समोर बघत, हसू दाबत ती म्हणाली. "जन्मभर बसायचं म्हनजे... आयकडं तो पाइप राहू दे. मला दुसरा लाव."