पुरणाची डाळ

कुकरची शिट्टी झाली आणि नेमक्या त्याच क्षणी दार उघडून ममता आत आली... हातातली भाजीची पिशवी गळून पडली, टोमॅटो घरभर घरंगळले, आणि दोन्ही कान घट्ट दाबून ती दारातच खाली बसली! "मिनल... बाहेर ये गं मिनल!" सुनेची ती आर्त हाक ऐकून अनसूयाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. गॅस बंद करून त्या धावल्या आणि तिला पोटाशी धरून बसल्या.

भाईंदर पूर्वेला ममता आणि तिची धाकटी बहीण मिनल डबे करून द्यायच्या. तिथेच मोठा कुकर फुटला. मिनल गेली, आणि ममता जिवंत असून नसल्यासारखी झाली. तेव्हापासून अनसूयाबाईंनी घरातला कुकर माळ्यावर टाकला होता. डॉक्टर, गोळ्या, सगळं चालू होतंच. पण डाळ मात्र त्या रोज उघड्या पातेल्यात शिजवायच्या, दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी ताटकळत! शेजारच्या मंदाताईंनी टोकलं, तर "अहो, कुकरच्या वरणाला चव कुठे असते?" म्हणून त्याच हसून वेळ मारून न्यायच्या.

आणि आदल्या रात्री जेवताना ममता आपणहून म्हणाली होती, "आई, पुरणपोळी करा ना." अहो, जिला दोन घासांसाठी विनवावं लागायचं, तिने मागून खायचं म्हटलं! अनसूयाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्या आनंदात डाळ भिजत घालायचीच राहिली. मग ती पातेल्यात काही केल्या शिजेना, गुडघे तर उभं राहू देईनात... पोर भाजीला खाली गेलीय, तेवढ्यात एक शिट्टी काढून घेऊ, असा वेडा विचार त्यांनी केला आणि तिथेच घात झाला.

ममता पुन्हा अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. ऑफिसातून धावत आलेला स्वप्नील आईवर कडाडला, "किती मुश्किलीने सावरत होती ती! तुला या वयात पुरणपोळीचे डोहाळे लागले होते का गं?"

ओठांवर आलेलं उत्तर अनसूयाबाईंनी गिळलं. तिनेच मागितली होती म्हणून सांगावं, तर त्या जखमी जिवाच्या माथी आणखी एक दोष! "चुकलं रे बाबा माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत वळल्या.

सकाळी भंगारवाल्याची हाक आली, तशा त्या कुकर घेऊन दारात गेल्या. "भैया, ये ले जाओ. पैसा नहीं चाहिए, बस ले जाओ."

"आई, थांबा!"

मागे ममता उभी होती. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे... पाठोपाठ बाहेर आलेल्या स्वप्नीलकडे वळून ती म्हणाली, "पोळी मी मागितली होती, स्वप्नील. काल सगळं ऐकलं मी. उठून सांगायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं रे..."

स्वप्नीलची मान खाली गेली. "आई... मी काय काय बोललो गं तुला!"

ममताने सासूचा हात धरला. "आणि तुम्हाला पातेल्यातलंच वरण आवडतं ना?"

"मेलं कसलं आवडतंय! रोज अर्धं कच्चंच राहतं ते!" अनसूयाबाई बोलून गेल्या, आणि सासू-सुनेला हसू नि रडू एकदमच फुटलं.

"मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून सगळं," ममता डोळे पुसत म्हणाली. "पण आई, मिनल गेली तेव्हा मला कुणीच दिसत नव्हतं हो. काल तुम्ही धरून बसला होतात, ते कळत होतं मला. कुकर राहू दे माळ्यावर. आज नाही जमणार... पण टाकू नका."

फ्रिजमधली कालची डाळ तिने पातेल्यात ओतली, गॅस पेटवला आणि सासूसाठी स्टूल ओढलं. "बसा तुम्ही. आज मी ढवळते."

बऱ्याच वेळाने तिने एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. "अजून कच्चीच आहे, आई."

"असू दे गं बाळा," तिच्या पाठीवरून हात फिरवत अनसूयाबाई म्हणाल्या. "शिजेल. घाई कुणाला आहे?"