उजव्या चाकाचा आवाज

तेहतीस इंची बसतील का, हे तू मला आज तिसऱ्यांदा विचारतोयस, कोल्बी. बसतील रे बाबा. टायर कुठेही बसतो, आगंतुक पाहुण्यासारखा. कटकटी सुरू होतात त्या बसल्यानंतर. आणि शायला, तू गालातल्या गालात हसू नकोस. तुझ्या या नवऱ्याने मागच्या वर्षीही टायरचंच निमित्त सांगून तुझी सहल पुढे ढकलली होती. त्या लोखंडी भांड्याच्या झाकणावर चार निखारे ठेव अजून. पीच शिजायला अर्धा तास आहे, तेवढ्यात एक सांगतो. ऐकीव नाही. माझ्या टायरच्या दुकानात सुरू झालं आणि माझ्या दुकानातच संपलं.

ओरिन सोरेन्सनला तुम्ही ओळखता. चर्चमध्ये मागच्या बाकावर एकटा बसतो तो. त्याला यातलं काही विचारू नका. मला एकदाच सांगितलं त्याने, आणि नंतर मीही कधी विषय काढला नाही.

दोन हजार एकोणीसचा एप्रिल. ओरिन सकाळी सकाळी दुकानात आला, ती एकोणसत्तर सालची स्काऊट घेऊन. गाडी त्याच्या सासऱ्याची. सासरा तिच्यातून मेंढ्यांना मीठ घेऊन हॅना कड्यावरच्या तळावर जायचा. मूळ रंग, चाकांवरचे मूळ स्प्रिंगचे पाटे, कारखान्यातून आली तशीच ठेवलेली. मला म्हणाला, "थेन, एकतीस इंची घालायचेत."

"या गाडीला? पाटे बघ कसे बसलेत. एकोणतीसच्या पुढे गेलास तर मडगार्डला घासतील."

"एकोणतीसवर जिना चढत नाही. मागच्या ॲक्सलचा गोळा दगडावर टेकतो."

जिना तुम्हाला माहीत आहे, कड्याच्या वाटेवरचा तो पायऱ्या पायऱ्यांचा दगड. मी म्हटलं, "तिथे जायचंय कशाला या वयात?"

तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. मग सांगितलं. नेड्राला, त्याच्या बायकोला, मार्चमध्ये डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला होता. तिचं लहानपणीचं प्रत्येक उन्हाळ्यातलं राहणं त्या कड्यावरच्या तळावर. ओरिनने लग्नाचं विचारलं तेही तिथेच. तिने आता एकच मागितलं होतं. बाबांच्या गाडीतून मला एकदा कड्यावर ने. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून नको.

"मग गाडी उचल," मी म्हटलं. "चार इंच उंच पाटे घालू, टायर हवे ते बसतील."

"आणि नेड चढणार कशी? शिडी लावू? शिवाय उंच पाटे म्हणजे कडक पाटे. एकेक खड्डा तिच्या पोटात जाईल. या जुन्या पाट्यांवर तिला झोप लागते रे."

"मडगार्ड कापू."

"सासऱ्याच्या गाडीला करवत? नेडच्या डोळ्यांदेखत?"

"बरं बाबा. पण दोन इंच मोठा टायर गाडी एकच इंच उचलतो, एवढं ध्यानात ठेव."

"एकच इंच हवाय मला," तो म्हणाला.

मी टायर चढवले. चाक पूर्ण डावीकडे वळवलं, पूर्ण उजवीकडे वळवलं, बोट घालून फट पाहिली. छान मोकळी होती. मी त्याला म्हटलं, जा, खुशाल जा. आता माझा गाढवपणा ऐका, आणि कोल्बी, तू तर कान देऊन ऐक. फट मोजली ती रिकाम्या गाडीची. सपाट फरशीवर, आत कुणी बसलेलं नसताना. चाळीस वर्षं टायरच्या धंद्यात घालवलेला माणूस मी, आणि गाडीत माणसं बसतात हे विसरलो.

मे महिन्यात दोघं दुकानात आली. ओरिन गाडी चालवत होता, नेड्रा उजव्या बाजूला. मागच्या मोकळ्या जागेत त्याने वळण घेतलं, उजवं चाक खळग्यात गेलं, आणि खर्रर्र. टायर मडगार्डला घासला. ओरिन एकटा असला की आवाज नाही. नेड्रा बसली की उजवा पाटा दबायचा आणि खर्रर्र.

नेड्रा काच खाली करून ओरडली, "थेन, ऐकलंस? पंचेचाळीस वर्षांत जे म्हणायची याची छाती झाली नाही, ते टायरकडून म्हणवून घेतलंय! मी जाड आहे म्हणे!"

"मी असं म्हणालो का?" ओरिन लाजला.

"तू नाही रे राजा, तुझं चाक म्हणालं."

इतकी हसली ती, की डोळ्यांतून पाणी आलं. गुबगुबीत बाई होती, हसली की सगळी हलायची. मला फार आवडायची ती, खोटं कशाला सांगू.

तेव्हाच गेले असते तर झालं असतं. थोडं घासलं असतं, फार तर टायर फाटला असता, मी दुसरा दिला असता. पण आपली गाडीवेड्यांची जात माहीत आहे ना तुम्हाला? गाडीचं एक काम उरलंय म्हटलं की आपण निघत नाही. ओरिन म्हणाला, जिन्यावर चाक अडकलं आणि नेड गाडीत असली तर? आधी हे घासणं घालवतो. जूनमध्ये त्याने चाकाखालच्या चकत्या बदलल्या. जुलैमध्ये दुसऱ्या रिंगा आणल्या, त्या परत केल्या. दर रविवारी संध्याकाळी तिला शेजारी बसवून कालव्याच्या रस्त्याने एक फेरी मारायचा, कान उजव्या चाकाकडे लावून. ती म्हणायची, "वजनाचं पोतं म्हणून नेतोय मेला मला." पण जायची. एकदा मला हळूच म्हणाली, "थेन, त्याला सांग ना, घासू दे म्हणावं. मला चालतं."

मी सांगितलं नाही. उलट ओरिनला म्हटलं, जुन्या मापाचा एक जादा पाटा मिळतो, उजव्या बाजूला घालू, तीन-चार आठवड्यांत येईल, थांब तेवढा. हे मी म्हटलंय. माझ्या तोंडाने.

ऑगस्टच्या शेवटी तो आला. दारातच उभा. "थेन, घासायचं थांबलं."

"अरे वा! झिजला असेल टायर थोडा."

"कुठून झिजणार? कालव्यापलीकडे गाडी गेलीय कुठे?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. टायर तेच, पाटे तेच. वजन कमी झालं होतं ते तिचं. डॉक्टर अजून धीर देत होते, पण ओरिनला त्या रविवारी कालव्याच्या रस्त्यावर कळलं. त्या फेरीत चाकाचा काही आवाज आला नाही, आणि तो माणूस गाडी बाजूला घेऊन रडला. नेड्राला झोप लागली होती, तिला कळलं नाही.

सतरा सप्टेंबरला ती गेली. पाटा आला दफनाच्या दुसऱ्या दिवशी. तो पार्सलमधून मी काढलासुद्धा नाही.

आता ती रात्र. एकोणीस ऑक्टोबर, शनिवार. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. ओरिनचा पुतण्या मुलांना घेऊन स्वेलच्या वाळवंटात तंबू ठोकून होता, त्यांचं पाणी संपलं. ओरिन म्हणाला, मी देतो नेऊन, घरात बसून तरी काय करू. स्काऊटमध्ये पाण्याचे दोन कॅन टाकले, संध्याकाळी पोचला, त्यांच्याबरोबर बटाटे खाल्ले. कॅन तिथेच ठेवले. दहाला निघाला. गाडीत तो एकटा. मागे काही नाही. शेजारी काही नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो फाट्यावर आला. डावीकडे गाव, उजवीकडे अकरा मैलांवर कडा. चंद्र नुकताच वर येत होता, अर्धाच. त्याने सवयीने डावीकडे वळवायला घेतली. चाक एका खळग्यात गेलं.

खर्रर्र.

उजव्या बाजूने.

ओरिन थांबला. टॉर्च घेऊन उतरला, वाकून पाहिलं. फट मोकळी. तीन बोटं आत जात होती. मडगार्ड सरळ, दगड नाही, काडी नाही. पुन्हा बसला. दहा फूट गेला.

खर्रर्र.

शेजारच्या सीटवर टॉर्चचा झोत टाकला. रिकामी. दार बंद. काच बंद. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. म्हणाला मला तसं. इंजिन चालू... आणि ते शांत वाळवंट... आणि गाडी उजवीकडे किंचित कललेली.

"नेड...?"

मग त्याला एक गोष्ट कळली, आणि तिने त्याची भीती गेली की वाढली, हे त्यालाही सांगता येईना. हा आवाज ऑगस्टचा नव्हता. जुलैचाही नव्हता. मेमधला होता. भरलेला. जाड. त्या पहिल्या दिवसाचा, ती हसली होती त्या दिवसाचा.

त्याने गाडी उजवीकडे वळवली.

अकरा मैल. प्रत्येक वळणावर खर्रर्र. प्रत्येक खळग्यात खर्रर्र. तो शेजारी बघत नव्हता. बघितलं आणि नसली तर? एवढीच धास्ती. म्हणून समोर बघत बोलत राहिला. "मी उशीर केला गं, नेड. सगळा उन्हाळा टायरमध्ये घालवला मी. तुला घेऊन नुसता निघालो असतो..." आणि मध्येच थांबायचा. बोलण्यासाठी जागा ठेवायचा.

नुसतं खर्रर्र.

जिना आला. त्याने गिअर खाली टाकला. उजवं चाक पहिल्या पायरीवर. गाडी दबली. आवाज इतका मोठा की दगडावर आपटून परत आला... दुसरी पायरी... गोळा दगडाला लागला नाही. इंचभर उरला. तो एक इंच, कोल्बी.

तिसरी.

चढली.

कड्यावर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने गाडी थांबवली, जिथे सासऱ्याचा तंबू असायचा तिथे. इंजिन बंद केलं. दिवे बंद केले. खाली सगळी दरी चांदण्यात पडली होती.

तो बसून राहिला.

वारा नव्हता.

मग... उजवा पाटा कुरकुरला. आणि गाडीची उजवी बाजू वर आली. बोटभर. माणूस उतरल्यावर येते ना, तशी.

दार उघडलं नव्हतं.

"नेड..."

काही नाही.

"नेड, थांब जरा..."

तो उतरला नाही. म्हणाला, थेन, ती तिच्या बाबांच्या तळावर गेली होती, मी मागे जाऊन काय करणार होतो? पण वाट पाहिली. एक वाजला, दोन वाजले. गाडी पुन्हा दबेल म्हणून तो उजव्या बाजूला कान लावून बसला होता. पहाटेपर्यंत. दबली नाही.

उजाडल्यावर निघाला. तेच अकरा मैल, तेच खळगे. एकदाही घासलं नाही. ओरिन म्हणाला, जाताना मी घाबरलो होतो, पण येताना मेलो.

रविवारी साडेआठला त्याने माझं दार वाजवलं. मी चर्चसाठी टाय बांधत होतो. त्याचा चेहरा पाहिला आणि किल्ल्या घेतल्या. रविवारी दुकानाचं कुलूप मी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. ओरिनने सगळं सांगितलं, मग म्हणाला, "थेन, मला वेड लागलंय का, एवढं बघ."

मी टाय खांद्यावर टाकला, जॅक लावला. डावं चाक आधी पाहिलं. नवं कोरं. रबराचे ते बारीक केस अजून तसेच, साच्यातून काढल्यासारखे. मग उजवीकडे गेलो.

खाली बसून कडेवरून हात फिरवला.

उजव्या टायरची कड खाल्ली गेली होती. ओरखडा नव्हे. खोल पन्हळ, गोल फिरून आलेली, अंगठा मावेल एवढी, आणि आतून तुकतुकीत गुळगुळीत. अकरा मैलांत असं होत नाही. शंभरातही होत नाही. चाळीस वर्षं टायर पाहतोय मी, रबर माझ्याशी खोटं बोलत नाही.

ओरिन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने त्या पन्हळीत अंगठा ठेवला आणि चाक हळूहळू फिरवत राहिला. मग विचारलं, "इतकं झिजायला किती फिरावं लागतं, थेन?"

मी खरं तेच सांगितलं. "एक आख्खा उन्हाळा. रोज. आणि शेजारी माणूस बसलेलं असावं लागतं."