शेवट न बघता लिहिलेलं परीक्षण

बारामतीच्या एसटी स्टँडवर सुमितनं साप्ताहिक फडकावलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाच ऐकवलं, "ही कोण दिशा मखरे! म्हणं, चाकांच्या फळीवरची पोरं नुसती आपटत्यात अन् पोरी कडंला टाळ्या वाजवत्यात. असं लिवत्यात व्हय? झकास पिक्चर हाय!"

"मीच दिशा मखरे," ती म्हणाली. "बोला पुढं."

निमगाव केतकीचं ते शिडशिडीत पोर चपापलं, पण मागं हटलं नाही. गाडी निघाली तशी दोघांची जुंपली. परदेशी पिक्चरमधल्या त्या स्केटबोर्डवाल्या पोरांवरून मग रोज कॉलेज सुटलं की निमगावपर्यंत हेच. सुमित उतरला की पुढं इंदापूरपर्यंत दिशाला भरली गाडी रिकामी वाटायची. पोरगी गुंतत चालली होती, आणि तिला ते कळतही होतं.

शनिवारी कंडक्टर झुंबरराव वैतागले. ते बारामतीतच राहायचे, त्यामुळं पिक्चर शेवटपर्यंत बघायचे. "अवो, शेवटची शर्यत त्यातली एक पोरगीच मारती की! तुमी पिक्चर बघितलाय का न्हाय?"

संध्याकाळचा खेळ संपायच्या आतच इंदापूरची शेवटची गाडी सुटायची. तिकडच्या माणसांनी शेवट सोडून स्टँडकडं पळायचं, ही रीतच पडलेली. दिशाही पळाली होती.

"तुमीपण?" तिनं विचारलं. सुमितनं मान खाली घातली.

"कुणाला कळतंय?" तो म्हणाला. "आपल्याकडचं कुणीच शेवट बघत न्हाय. गप ऱ्हावा, न्हायतर संपादक मोहनराव तुमचं सदरच बंद करत्याल."

"मला कळलंय ना!"

रविवारी दुपारच्या खेळाला दोघं शेजारी बसली. पडद्यावरची पोरगी फळीवर चढली, आपटली, पुन्हा चढली आणि सगळ्यांच्या पुढं गेली. दिशानं दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली! सुमित पडदा सोडून तिच्याकडंच बघत होता, आणि तिला ते फार आवडलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चुकले, असं माझ्याच नावानं लिहिणार. सदर गेलं तर गेलं."

"लोक हसतील..."

"हसू देत. तुमचं मात्र सगळं नीट बघून सांगतेय — तुमी आवडता मला."

सुमितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी न्हाय एवढा थांबलो... माझं पहिल्याच दिवशी ठरलं हुतं."

"म्हंजे अर्ध्यातच मत!"

"व्हय," तो हसला. "पण ह्ये चुकलं न्हाय."