चुन्याच्या खोलीतले तिघे

"आज मॅच बघायला जायचं म्हणजे जायचंच," झिपरीनं जाहीर केलं.

सुट्टीत राहायला आलेला तिचा चुलतभाऊ लंबू लगेच तयार झाला. कॉलनीत आठ वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल लीग चालू होती आणि झिपरीचा धाकटा भाऊ ढब्बू त्यात खेळत होता. निदान ती तरी तसंच समजत होती. बाबा त्याला स्वतः नेत, स्वतः आणत. पण मॅचहून परतताना त्याचे बूट कोरे करकरीत असत आणि चड्डीला मागे पांढरा चुना! किती पळालास म्हणून विचारलं, की पोटात दुखतंय म्हणून तो पांघरुणात शिरे.

मैदानावर ढब्बू कुठेच दिसेना. लीगचा नियम साधा होता. प्रत्येक मुलाला थोडा वेळ तरी खेळवायचंच, सूट फक्त आजारी मुलाला. मग स्वारी गेली कुठे?

लंबूनं चुन्याचा माग काढला. मैदानावर रेघा मारायचा चुना प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या खोलीत ठेवत. दाराला बाहेरून कडी होती. झिपरीनं ती काढली. आत गोलच्या फाटक्या जाळ्यांवर ढब्बू आणि आणखी दोन मुलं चिडीचूप बसली होती.

"ताई, दार लाव," ढब्बू कुजबुजला. "आवाज झाला तर आपण हरतो. आमचे कोच सर म्हणालेत."

झिपरीनं त्यांना बाहेर यायला सांगितलं. तिघं काही केल्या हलेनात. शेवटी लंबूनं थाप मारली, की सरांनीच खेळायला बोलावलंय. तिघं उड्या मारत सुटली ती थेट मैदानात! ढब्बू धापा टाकत बॉलमागे धावला, पडला, पुन्हा धावला. गॅलरीत हशा पिकला.

पंचांनी शिट्टी फुंकली. ही मुलं आजारी असल्याचं सरांनी त्यांना सांगितलं होतं. पंचांनी मुलांनाच विचारलं. ढब्बूनं सरांकडे पाहिलं.

"माझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या पोटात दुखतंय," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानंही तोच सूर लावला.

आता कुणी हसलं नाही. झिपरीनं कडीची हकीकत सगळ्यांसमोर सांगून टाकली. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

"असल्या ढिल्यांना घेऊन जिंकता येतं का? आणि याच्या वडिलांनाच विचारा. त्यांची हरकत नव्हती."

झिपरीनं गॅलरीतून खाली आलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

"तो पळायला लागला की लोक हसतात गं. मला बघवत नाही."

संघ बाद झाला, सरांना लीगमधून काढलं. लीगच्या अध्यक्षांनी झिपरी आणि लंबूची पाठ थोपटली, अशी धीट पोरं पाहिजेत म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या.

संघातली मुलं ढब्बूला घेरून उभी होती. तुझ्यामुळे हरलो, म्हणत त्याच्या अंगावर बुटांनी माती उडवत होती. झिपरीनं धावत जाऊन त्याचा हात धरला. त्यानं तो झटकला.

"आपण जिंकत होतो, ताई," तो म्हणाला आणि जाऊन त्यानं बाबांचं बोट धरलं.