सांदोर, लोकसंख्या तीन

वॉल्टर तुस्कानोचा नकाशा चोरणारा अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कतारमधल्या दोहा शहरात एका सर्व्हे कंपनीत तो अकरा वर्षं नकाशे काढत होता. प्रत्येक नकाशात एक गाव खोटं घालायचं, ही त्याची जुनी खोड. नकाशा कुणी ढापला की ते गावही ढापलं जाई, आणि चोर आपसूक हाती लागे.

या खेपेला काम होतं बाल्कन डोंगरांतल्या ग्राबोव्दोल नावाच्या चिमुकल्या नगरपालिकेचं. एका बाटलीबंद पाणीवाल्या शेठला तिथलं वरचं खोरं हवं होतं, तेही रिकामं. वॉल्टरनं भूगोल-इतिहास सगळा खणून काढला. चुनखडीचे कडे, प्लमच्या बागा, तुर्कांचा अंमल, दोन लढाया. मग पुरुष जर्मनीला कामाला गेले ते गेलेच, आणि बायकापोरं वाटेकडे डोळे लावून बसली.

"मी नाही बाबा माझी माणसं मागं ठेवली," तो ऐटीत म्हणायचा. बायको जसिंता इथंच नर्स होती. नऊ वर्षांची मेलिसा मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत फेकायची. त्या दोघी जवळ होत्या म्हणून तर हा वाळवंटात टिकला होता.

खोट्या गावाला त्यानं वसईतल्या आपल्या गावाचं नाव दिलं: सांदोर. एक घर, पूर्वेला विहीर, लोकसंख्या तीन. मी, जसिंता, मेलिसा. स्वतःच्या गमतीवर स्वतःच खूष!

रविवारी, तिथं तो कामाचाच वार, ऑफिसात आकडे तपासणाऱ्या नुपूरनं कच्चा नकाशा तपासून नगरपालिकेनं धाडलेला तक्ता समोर ठेवला. "सर, सगळं बरोबर आहे. फक्त सांदोरला दुरुस्ती सुचवलीय."

लोकसंख्या दोन. आई व मुलगी. पुरुष कामासाठी परदेशी.

वॉल्टर खो खो हसला. "कारकून झोपेत काम करतोय गं!"

"जुना नकाशापण जोडलाय. एकोणीसशे एकतीसचा."

पिवळ्या कागदावर सांदोर होतं. घर तेच, विहीर तीच. विहिरीशेजारी एक क्रूस होता. तो वॉल्टरनं काढलाच नव्हता. वसईच्या घरी मात्र होता, अगदी त्याच जागी.

त्यानं जसिंताला फोन लावला. आज तिला सुट्टी, मेलिसाचीही शाळा उन्हाळ्यामुळे बंद. फोन लागेना. मग काय, गाडी काढून तो थेट अल गराफा भागातल्या घरी आला.

दाराशी वॉचमन काशिफ होता.

"मॅडम किधर है?"

काशिफ गोंधळला. "कौन मॅडम, साहब? आप तो शुरू से अकेले रहते हो."

आत एकच ताट, एकच टॉवेल. मेलिसाचं दप्तर नाही. उंबऱ्यावर दोन जोडी ओली पावलं, बाहेर जाणारी. त्यानं बोट लावून पाहिलं. बर्फाचं पाणी होतं. बाहेर सेहेचाळीस डिग्री.

पासपोर्ट खिशात टाकून तसाच तो ऑफिसला परतला.

मॅनेजर वरुण वाटच बघत होता. "ते सांदोर तुझंच खोटं गाव ना? काढून टाक. शेठला खोरं रिकामं पाहिजे. यल्ला, चल लवकर, एक बटन!"

वॉल्टरनं गाव निवडलं. बोट बटनावर गेलं.

मागं घेतलं.

"नाही काढायचं. तिथं माणसं राहतात."

"नोकरी जाईल, वॉल्टर."

"जाऊ दे. माझी माणसं आहेत ती."

खिशातून पासपोर्ट काढून त्यानं टेबलावर ठेवला आणि सांदोरला वाट कशी जाते ते नकाशात शोधू लागला.

"सर," नुपूर हळूच म्हणाली, "मी मागच्या सगळ्या जनगणना मागवल्या होत्या. आल्यात."

सांदोर. एकोणीसशे एकतीस, दोन. अठ्ठेचाळीस, दोन. एक्काहत्तर, दोन. दोन हजार बावीस, दोन. भाषा: अनोळखी. शेरा: घरधन्याची वाट पाहतात.

मुलीचं वय, प्रत्येक नोंदीत, नऊ.