व्हॉल सातव्याला अडला

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. कधी सहाव्या. चनबसप्पा एकतीस वर्षं एकाच बोळाचा चावीवाला. पाण्याची पाळी असली की दुपारी एकच्या सुमाराला लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, बोळाच्या तोंडाशी खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी बसवायची आणि चौदा फेरे द्यायचे. चौदाव्याला व्हॉल पुरा उघडतो. पाणी आलं की लोक त्याला विसरतात, नाही आलं की शिव्या घालतात. एवढीच नोकरी.

त्या चैत्रात व्हॉल चौथ्या फेऱ्याला अडला. चनबसप्पानं दोन हिसडे दिले आणि सोडून दिलं. पाणी बारीक आलं. संध्याकाळी चौथ्या घरातले आबासाहेब गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, तीन महिने अंथरुणात. त्यात काय नवल?

पुढच्या पाळीला व्हॉल अकराव्याला अडला. अकराव्या घरातला उदयसिंह त्याच दिवशी मोहोळजवळ ट्रकखाली सापडला.

बोळात घरं सगळी मिळून बारा. पण काम नसलं की माणसं फेरे आणि घरं मोजायला बसतात. पहिल्यांदा मोजलं फुलाबाईनं. ती पाचव्या घरातली, खड्ड्याशेजारी घागर मांडून बसायची.

"अप्पा, चार झालं, अकरा झालं. आता कितवं?"

"गंज हाय त्यो, गंज! तुझ्या डोस्क्यात बी चढलाय."

"मग काढा की."

काढला. खड्ड्यातला गाळ उपसला, दांड्याला ग्रीस फासलं. तिसऱ्या पाळीला व्हॉल दुसऱ्याला अडला. दुसरं घर वर्षभर कुलूपबंद.

"आता काय कुलपाला मारतंय व्हय?" चनबसप्पा ओरडला आणि सगळा बोळ हसला. फुलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. दिवस मावळायच्या आत दुधनीहून फोन आला. त्या घराचे मालक महेश्वर मास्तर तिकडं मुलाकडं राहायला गेले होते. ताटावरच गेले.

त्यानंतर कुणी हसलं नाही.

चनबसप्पाचं घर सातवं. घरात दोनच माणसं, तो आणि त्याची बायको सुंदरम्मा. तिला दम लागायचा, पाय सुजायचे, उंबरा धरल्याशिवाय ओलांडता यायचा नाही. पुढचे पाच दिवस तो तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिला. माणसं मरतात, व्हॉल अडतो, दोन्हीचा काय संबंध, असं तिला पुन्हा पुन्हा सांगायचा.

"मी कुटं काय इचारलं?" ती म्हणायची.

पाळीच्या दिवशी ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सगळा बोळ दारात उभा. हातात रिकाम्या घागरी. झाकण उचललं तसा ओल्या लोखंडाचा वास आला. चनबसप्पानं चावी बसवली. तो फिरवू लागला तसे बोळभर ओठ हलू लागले, फेरे मोजत. पाचव्याला फुलाबाईनं डोळे मिटले. फिरला. सहावाही फिरला.

सातव्याला अडला.

बोळानं श्वास सोडला. तो आवाज चनबसप्पानं ऐकला.

"ऱ्हाऊ द्या अप्पा," फुलाबाई हळूच म्हणाली. "बारीक आलं तरी... भागतंय की."

"मागं बारीक पाण्यावरनं मलाच शिव्या घातल्यास की गं."

"तवा येगळं हुतं..."

"माजं घर आलं, म्हणून येगळं व्हय?"

एकतीस वर्षं ज्यांना पाणी पाजलं, ती माणसं जमिनीकडं बघत होती. चनबसप्पानं चावीच्या मुठीला पाइपाचा तुकडा चढवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लोखंड किंचाळलं आणि चावी फिरली. आठ. मग नऊ, दहा, जणू कधी अडलाच नव्हता. चौदा. जमिनीखालून पाणी धडधडत गेलं.

"बगा! गंज हुता! बसा आता मोजत!"

एकाही घागरीत पाणी पडलं नाही. व्हॉल कुठंच अडला नाही, तर आता आकडा कुणाच्या घरावर गेला, कुणालाच कळेना. एकेक दार लागत गेलं. आतून कड्या घातल्याचे आवाज आले, आणि नळ मोकळेच वाहत राहिले.

चनबसप्पा हसत घराकडं निघाला. सदरा घामानं चिंब, डावा हात खांद्यापासून भरून आलेला. जोर काय थोडा लावला होता? चालताना दोनदा भिंतीला टेकला, पण हसू जाईना. वाचली. त्याची सुंदरम्मा वाचली.

दारासमोर तीन दगड मांडले होते. दगडांवर काठोकाठ भरलेला हंडा, त्याच्या घरातला नव्हे. पाण्यातून वाफ निघत होती. खाली जाळ नाही, लाकूड नाही, चिमूटभर राख नाही. त्यानं दगडाला हात लावला. भर उन्हात दगड गार होता.

उंबऱ्याबाहेर असं पाणी शेवटच्या अंघोळीलाच तापवतात, ते कुणाला सांगावं लागत नाही.

"सुंदरे..."

ती आतून आली. चालत आली, उंबरा न धरता. दम नाही, पायांना सूज नाही. कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा असा शांत दिसत होता.

"ह्ये... कुणी ठिवलं?"

"मला काय ठावं? मगाधरनं हाय. निवतच न्हाय बगा."

ती जवळ आली आणि त्याच्या सदऱ्याची बटणं एकेक करून सोडू लागली.

"किती घाम आलाय तुमाला," ती म्हणाली. "पाणी वाया कशाला घालवायचं... बसा. मी घालते अंघोळ."