रडणारं पाळणाघर

नाशकात तान्ही मुलं रडेनाशी झाली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. पूर्वी तीट लावायचे, तसा आता बाळाच्या कानामागे 'निजबिंदू' लावत. टिकलीएवढी चकती. रडू फुटण्याआधी बाळाच्या मेंदूत एक लहर उठते. ती ओळखायची आणि तिथल्या तिथे विझवायची, एवढंच तिचं काम. भूक राहायची, रडणं जायचं. घरंच्या घरं निवांत झोपायची.

म्हणूनच, बाळंतपणाची रजा संपवून आलेली हेमांगी निजबिंदू बनवणाऱ्या आपल्या कंपनीच्या पाळणाघराच्या दारात थबकली. आत अकरा मुलं होती आणि सगळी टाहो फोडत होती.

"मावशी, यांचे निजबिंदू पडले की काय?"

"पडायला लावतंय कोण?" शकूमावशी हसली. मग तिला हेमांगीच्या कडेवरच्या जाईच्या कानामागची चकती दिसली. "अगं बाई! स्वतःच्याच लेकराला लावलास?"

"दर महिन्याला फुकट डबी मिळते, म्हणून..."

"ती लोकांच्या बारशाला न्यायची असते गं! कुणी बोललं नाही तुला?"

कुणीच बोललं नव्हतं. हेमांगी फोनवर आयांच्या शंका निरसायची. शेजारच्या टेबलांवर डब्यांना चमकीचा कागद गुंडाळणारे हात तिला आता आठवले. रजेत भेटायला आलेल्यांना 'जाईला लावलाय' म्हटलं की सगळे चहाचा विषय काढायचे, तेही.

ती तडक डॉ. सबनीसांकडे गेली. निजबिंदू त्यांनीच घडवला होता.

"मॅडम, खरं सांगा."

त्यांनी दार लोटलं. "रडणं ही मागण्याची पहिली तालीम असते. बाळ रडतं, कुणीतरी धावत येतं, आणि मेंदूत एक वाट पडते. हाक मारली की माणूस येतं, ही वाट. वापरली नाही की बुजते."

"बुजते म्हणजे?"

"तहान लागली तरी पाणी मागत नाहीत. हात भाजला तरी सांगत नाहीत. पुढचं ठाऊक नाही. सगळ्यात मोठं मूल तीन वर्षांचं आहे. माझंच."

"आणि तरी विकता?"

"मी बनवते. विकतेस तू." त्यांनी आवाज खाली आणला. "वाट पुन्हा पाडता येते. वर्षभर, रोज तासभर, इथल्याच दवाखान्यात. पण फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. नोकरी सोडलीस की बंद. बाहेर बोललीस तरी बंद."

हेमांगीने चकती ओरबाडून काढली. जाईची दुधाची वेळ कधीच टळली होती. ओठ सुकले होते आणि ती शांतपणे पंख्याकडे बघत होती. हेमांगीने तिच्या मांडीला हळूच चिमटा काढला. मग जरा जोरात. जाईने पाय बाजूला घेतला. आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या लाल डागावर हेमांगीने ओठ टेकले. मग लेकीला पाजलं आणि तीन वाजताच्या उपचाराला तिचं नाव घातलं.

जागेवर येते तोच फोन वाजला.

"ताई, माझं बाळ चार दिवसांचं आहे," पलीकडचा आवाज थकलेला होता. "सगळे लाव म्हणतायत, पण माझं मन धजत नाही. काही अपाय नाही ना?"

हेमांगीने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

"लावा हो बिनधास्त," ती म्हणाली. "मीसुद्धा माझ्या मुलीला लावते."